टोपलीभर माती

गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलाने मला असा एक प्रश्न विचारला की, त्याच्या उत्तरासाठी मला माझ्या वडिलांना पैठणच्या पाण्याकाठी घेऊन जावे लागले.

तास भूगोलाचा होता. फळ्यावर मी गोदावरी काढली होती आणि तिच्यावर एक आडवी रेघ ओढून धरण बांधून मोकळा झालो होतो. शाळामास्तरांना धरणे बांधायला वेळ लागत नाही. मग माहिती सांगितली. १९६५ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झाले. मातीचे धरण, लांबी दहा किलोमीटरांहून थोडी अधिक, दरवाजे २७. नाव जायकवाडी, परंतु जायकवाडी हे गाव तिथे नाही. ते राहिले बीड जिल्ह्यात. धरण आधी त्या गावापाशी व्हायचे होते, ते पुढे वर पैठणला सरकले आणि येताना नाव तेवढे बरोबर घेऊन आले. मुलांना ही गंमत आवडली. धरणामागच्या पाण्याला नाथसागर म्हणतात, १९८६ साली तिथे पक्षी अभयारण्य जाहीर झाले, त्याचे क्षेत्र ३४१ चौरस किलोमीटर, हिवाळ्यात तिथे हिमालयापलीकडून पक्षी येतात, असे सगळे सांगून मी हातावरचा खडू झटकला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर आला.

"सर, धरण नव्हतं तव्हा हे पक्षी कुठं जायचे?"

मला उत्तर आले नाही. "चांगला प्रश्न आहे" असे म्हणालो. उत्तर येत नसले म्हणजे आम्ही मास्तर लोक असेच म्हणतो.

संध्याकाळी घरी आल्यावर तोच प्रश्न मी आबांना विचारला. आबा म्हणजे माझे वडील, वय त्र्याहत्तर. ते ओट्यावर बसून वाळवलेल्या अंबाडीचे दोर वळत होते. मान वर न करता म्हणाले, "तिथं गेल्याबिगर कसं सांगावं?"

त्यांच्या या उत्तराने मी चकित झालो. आबांचे गाव त्या पाण्याखाली आहे. नाथसागरात शंभराच्या वर गावे गेली, त्यांतले ते एक. गावाचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. आबांना ते छापलेले पाहवत नाही. पाणी अडल्यावर आमचे घर अंबड तालुक्यात, आजीच्या माहेराजवळ आले. तिथे मावेजाच्या पैशांत चार एकर रान घेतले. माझा जन्म त्यानंतरचा. मी लहानाचा मोठा झालो तो मत्स्योदरी देवीच्या डोंगराकडे बघत. तो डोंगर माशाच्या आकाराचा म्हणून देवीचे नाव मत्स्योदरी; आमच्या गावाला माशाने गिळले आणि मग इथे आणून ओकले, असे मी लहानपणी खरेच समजत असे. इतक्या वर्षांत आबा दरवर्षी नाथषष्ठीला पैठणला जात, समाधीचे दर्शन घेत, काल्याचा प्रसाद घेत आणि परत येत. धरणाकडे म्हणून कधी जात नसत. २०१३ च्या उन्हाळ्यात दुष्काळाने धरण तळाला गेले, आमच्या जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या. तेव्हा पाण्याखालची देवळे, ओटे, भिंती वर आल्याचे फोटो वर्तमानपत्रांत येत होते. मी धावत जाऊन आमचे गाव पाहून आलो. आबांना म्हणालो, चला. ते म्हणाले, "मेलेल्याचं तोंड सारखं सारखं बघू नये."

त्या उन्हाळ्यात पाहिलेल्या दगडांवर मी एक कादंबरी लिहिली. शाळा सुटल्यावर मी कादंबऱ्या लिहितो, हा माझा दुसरा दोष. तिच्यावर दोन-तीन बरे अभिप्राय आले, ग्रंथालयांनी प्रती घेतल्या. माझ्या मुलीने ती आबांना वाचून दाखवली. रोज रात्री जेवणानंतर थोडी थोडी. महिनाभर वाचन चालले. संपली त्या रात्री आबा तिला म्हणाले, "झाली का? बरं झालं." बस्स. पुढे कधी त्यांनी त्या पुस्तकाचे नाव काढले नाही, आणि विचारायचा धीर मला झाला नाही. समीक्षकाला विचारता येते. बापाला विचारणे अवघड.

म्हणून "तिथं गेल्याबिगर" हे शब्द ऐकले तेव्हा मी लगेच बोलून बसलो, "यंदाच्या षष्ठीला जाऊ."

फाल्गुन वद्य षष्ठी म्हणजे वसंताची तोंडओळख. आमच्या भागात वसंत फार थोडे दिवस राहतो. होळीनंतर जरा पळस लाल होतो, सावरीची फुले रस्त्यावर पडतात, लिंबाला मोहर येतो, आणि बघता बघता ऊन तापून सगळ्याची राख होते. या मधल्या पंधरवड्यात जे काही बघायचे ते बघून घ्यावे लागते. पाचोडमार्गे एस. टी. ने आम्ही पैठणला गेलो. गाव दिंड्यांनी फुलले होते. आतल्या नाथांचे, बाहेरच्या नाथांचे दर्शन झाले, अष्टमीला काला झाला. आणि नवमीच्या पहाटे, यात्रेकरू गाठोडी बांधत असताना, आबा धर्मशाळेच्या ओट्यावर काठी घेऊन उभे. "चल मास्तर," ते म्हणाले. नोकरी लागल्यापासून ते मला मास्तरच म्हणतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला अजून कळलेले नाही.

सोनेवाडीच्या बाजूने आम्ही पाण्याकाठी उतरलो. चालायला ही वाट अगदी सोपी. चढ नाही, उतार नाही. एका हाताला वेडी बाभूळ आणि बेशरमाची झुडपे, दुसऱ्या हाताला पाणी. आणि पाणी तरी केवढे! पंचावन्न किलोमीटर लांब आणि जिथे सर्वांत रुंद तिथे सत्तावीस, असे मुलांना मी घोकून घेतले होते. पण काठावर उभे राहिले की आकडे निरुपयोगी होतात. पलीकडचा तीर दिसत नाही. ज्याने समुद्र पाहिलेला नाही अशा मराठवाड्यातल्या माणसाने हाच समुद्र समजावा. मात्र हा समुद्र उथळ आहे. म्हणून तर पक्ष्यांचे फावते. जिथे पाणी पोटरीइतके असते तिथे लांब पायाच्यांचे राज्य, आणि जिथे कमरेइतके तिथे पोहणाऱ्यांचे.

माझ्या गळ्यात दुर्बीण होती. शाळेच्या सहलीसाठी म्हणून घेतलेली. मी आबांना नावे सांगू लागलो. सवय वाईट, दोन माणसे पुढे दिसली की मास्तर शिकवायला लागतो.

"ते काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले दिसतात ना, त्यांना वारकरी म्हणतात."

आबा थांबले. पाण्यावर शेदोनशे काळे पक्षी एका घोळक्याने पुढे सरकत होते, माना पुढेमागे हलवत. खरोखरच कुणी टाळ धरला असावा तशी त्यांची लय होती.

"कुणी ठेवलं हे नाव?"

"माहीत नाही. जुनेच आहे."

"शहाणा माणूस असंल," आबा म्हणाले. "यांची दिंडी कालच्याला निघायची न्हाई का?"

ते मनापासून हसले. मला हायसे वाटले. मग मी चढत्या उत्साहाने सांगत सुटलो. चोचीच्या टोकाला पिवळा आणि बुडाशी लाल ठिपका असलेले बदक, त्याला हळदीकुंकू म्हणतात. फावड्यासारखी चोच ती थापट्याची. काटकुळ्या गुलाबी पायांचा तो शेकाट्या. आणि दूर, पाणी आणि आभाळ जिथे मिसळले होते तिथे एक फिक्या गुलाबी रंगाची पट्टी होती. ते रोहित. अलीकडे त्यांना अग्निपंख म्हणतात, पण ते नाव उडतानाच शोभते, कारण पंख उघडले तरच आतला शेंदरी रंग दिसतो. उभे असताना ते बिचारे चोच उलटी करून चिखल गाळत असतात. त्यांच्या चोचीत कंगव्यासारखी जाळी असते. पाणी बाहेर जाते आणि बारीक किडे, शेवाळ आत राहते. चाळणीने पीठ चाळावे तसे.

"हे नव्हते," आबा एकदम म्हणाले.

"कोण?"

"हे तांबूस. आमच्या येळी नव्हते. ते बगळे व्हते, करकोचे व्हते. नदीच्या वाळवंटात चकव्याची जोडी असायची, थंडीत. डोहावर बदकं उतरायची, पण अशी जत्रा न्हाई. सांग तुझ्या पोराला. थोडे व्हते ते नदीतच व्हते. बाकीचे दुसरीकडं कुठं तरी जात असतील. पाणी झालं तसं त्यांला कुणीतरी सांगितलं."

उत्तर मिळाले. मी वहीत टिपून घेतले. त्या मुलाला पुढच्या आठवड्यात सांगितले, तर तो म्हणाला, "कुणी सांगितलं त्यांना?" या पोराचे पुढे काही तरी होणार, चांगले किंवा वाईट.

पण आमची वाट अजून संपली नव्हती.

पाणी उतरते तसतशी धरणाच्या कडेने गाळाची जमीन उघडी पडते. तिच्यात लोक पीक घेतात. त्याला गाळपेर म्हणतात. खत नको, नांगरट फारशी नको. वरसाला नदीने आणून टाकलेले लोणी आहे ते. आम्ही गेलो तेव्हा हरभरा निघून गेला होता, कांदा उभा होता आणि एके ठिकाणी टरबुजाचे वेल पसरले होते. तिथे एक बाई वेलांवरची पाने सारून फळे बघत होती. म्हाताऱ्या माणसाला बघून तिने एक टरबूज गुडघ्यावर आपटून फोडले आणि अर्धे आमच्या पुढे केले. आम्ही बांधावर बसलो. म्हणजे बांध नव्हताच तो. पाण्याने सोडलेली गाळाची एक वरळ होती.

"रान कुणाचं हाय?" आबांनी विचारले.

"सरकारचं," बाई म्हणाली. "आमी नुसतं पेरतो. पाणी आलं की त्यांचं, गेलं की आमचं."

"त्याच्या आधी कुणाचं व्हतं?"

"काय ठावं, बाबा. आमी मागून आलो."

आबांनी काही सांगितले नाही. एक ढेकूळ उचलून बोटांनी फोडले, वास घेतला, आणि इतकेच म्हणाले, "चोपण न्हाई. चांगली हाय." टरबूज खाऊन झाल्यावर त्यांनी सालपट नीट झुडपाखाली ठेवले, हात धोतराला पुसले आणि आम्ही उठलो. शंभर पावले गेल्यावर मी विचारले, "आपलेच होते का?"

"आपलं त्याच्या म्होरं." त्यांनी काठी उचलून पाण्याकडे केली. "ती पांढरी रेघ दिसती का? लाट फुटती तिथं? ती गावाची पांढरी. उंचावर व्हती, म्हून अजून पाण्याला अडती. तिच्या अल्याडचं काळं पाणी ते आपलं वावर."

मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. आतापर्यंत त्यांनी ती घेतली नव्हती. पक्षी मला दिसतात तेवढे पुरे, असे म्हणाले होते. आता घेतली. बराच वेळ डोळ्याला लावून उभे राहिले. मधून रोहितांचा थवा उठला, आभाळभर शेंदूर उधळला गेला, माझ्या तोंडून "अहाहा" निघाले. पण आबांची दुर्बीण हलली नाही. ते पक्षी बघतच नव्हते.

दुर्बीण परत देताना ते म्हणाले, "तुझ्या पुस्तकात पाणी रात्रीतून आलंय."

सगळा थवा माझ्याच अंगावर उतरल्यासारखे झाले. बारा वर्षांनी अभिप्राय आला होता.

"रात्रीतून कुठं येतं पाणी?" आबा चालता चालता बोलू लागले. "दोन वरसं आधी समद्याला ठावं व्हतं. दगडं रोवले व्हते, हितवर येणार म्हणून. आम्ही घराची सागवानी आढी काढली, पत्रं काढलं, कवाडं काढली. चार खेपा केल्या बैलगाडीनं. तू लिवलंस, दार पाण्यावर तरंगत गेलं. आरं, त्या दारातून तू रोज शाळंत गेलास की!"

हे खरे होते. आमच्या अंबडच्या घराला ती जुनी चौकट आहे. तिच्यावर पितळी कड्या आहेत आणि खालच्या फळीला उंदराने पाडलेले भोक आहे. त्या दाराला टेकून मी माझी कादंबरी लिहिली आणि त्यात ते दार पाण्यावर सोडून दिले. माझ्या आयुष्यात माझी इतकी फजिती कुणी केली नव्हती. मी हसलो. आबाही हसले. आणि हसता हसता त्यांचा आवाज बदलला.

"आणिक एक. त्यात तो म्हातारा धरणाला शिव्या देतो."

"ते तुम्ही नाही, आबा. ती कादंबरी आहे."

"असू दे. पर मी कशा शिव्या देऊ? मी तिथं माती टाकलीया."

मी थांबलो.

सन १९७२. मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात साठीच्या पुढचे माणूस असेल तर हा आकडा उच्चारून बघावा. बाकी काही विचारावे लागत नाही. विहिरी आटल्या, जनावरे पडेल त्या भावात गेली, लोक खडी फोडायला आणि माती वाहायला निघाले. बाहेरून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी, यांवर दिवस काढले. हे सारे मी आबांकडून शंभरदा ऐकले होते. खडी फोडल्याचे ऐकले होते. पण ती कुठे, हे मी कधी विचारले नव्हते. आणि त्यांनीही सांगितले नव्हते.

"विशीतला व्हतो," आबा म्हणाले. "नदी कोरडी, वावर कोरडं. तुझ्या आजीला उठवत नव्हतं. धरणावर काम हाय म्हणले, गेलो. यंत्रं व्हतीच, पर माणसंबी लागायची. टोपलीनं माती. मुकादम हजेरी घ्यायचा, सांजच्याला सुकडी मिळायची ती आईला आणून द्यायचो. तीन महिने केलं."

"तुम्हाला माहीत होतं का? आपले वावर जाणार ते?"

"तर! म्हणलं न्हाई का, दगडं रोवले व्हते. आमच्या बांधाच्या वर व्हता दगड." ते काठीने गाळात एक रेघ ओढत उभे राहिले. "टोपली टाकताना रोज मनात यायचं. एक टोपली म्हणजे किती पाणी अडंल? आपल्या वावरात चवडाभर का बोटभर? येडंच ते. पर यायचं."

"मग?"

"मग काय? उद्याच्या वावरासाठी आज उपाशी मरावं का?"

काही वेळ आम्ही नुसते चाललो. आबांनी पुन्हा सुरुवात केली ती माझ्याकडे न बघता. पुढे मावेज्यासाठी अर्ज झाले, मोर्चे झाले, तालुक्याच्या कचेरीपुढे लोक बसले, आबाही बसले. आमची जमीन गेली, आमचे घर गेले, असे सगळ्यांबरोबर ओरडले. ओरडले ते काही खोटे नव्हते. पण त्या बसलेल्यांतल्या निम्म्या लोकांनी त्याच धरणावर माती टाकली होती. एकानेही दुसऱ्याला तसे म्हटले नाही. गाव उठल्यावर जो तो वेगवेगळ्या दिशेला गेला आणि ही गोष्ट आपल्याबरोबर घेऊन गेला. आबांनी ती माझ्या आईला सांगितली नव्हती. आईला जाऊन सहा वर्षे झाली.

मी कादंबरीत एक दुष्ट पाणी उभे केले होते आणि समोर एक निष्पाप गाव. किती सोपे काम!

एवढ्यात डोक्यावर टिटवी ओरडू लागली. एक नव्हे, जोडी. आमच्यापुढे झेप घेई, मागे वळे, पुन्हा अंगावर येई. आबांनी हात आडवा करून मला थांबवले आणि पायांखाली बघायला सांगितले. दहा पावलांवर, उघड्या गाळावर, चार अंडी होती. घरटे कसले ते नाहीच; चार खडे इकडेतिकडे सरकवून केलेली खळगी. अंडी मातीच्याच रंगाची, वर काळे ठिपके. आबा नसते तर माझा पाय पडला असता.

"उंचावर घातलीत," ते समाधानाने म्हणाले. "पाऊस हाय यंदा." टिटवीने उंचावर अंडी घातली म्हणजे पाऊसकाळ चांगला, असे आमच्याकडे मानतात. मास्तर म्हणून मी यावर काही बोलायला हवे होते, बोललो नाही.

वळसा घालून आम्ही दूर झालो तशी टिटवी निवळली. आबा वारकरी, कीर्तनात टिटवीची गोष्ट त्यांनी कितीदा ऐकलेली. समुद्राने टिटवीची अंडी नेली, तेव्हा चोचीने समुद्र उपसून काढायला ती कशी बसली, आणि शेवटी समुद्राला अंडी कशी परत द्यावी लागली, ती गोष्ट. ती मला सांगता सांगता मध्येच थांबून ते म्हणाले,

"तिनं चोचीनं समुद्र आटवला. आम्ही टोपलीनं भरला."

आणि पुन्हा हसले. त्या हसण्यात दुःख नव्हते असे मी म्हणणार नाही. पण नुसते दुःखही नव्हते. आपल्या हातांनी केलेले एवढे मोठे काम डोळ्यांसमोर पसरलेले बघणाऱ्या गवंड्यासारखे काही तरी त्यात होते. खरे सांगायचे तर मला त्यांचा जरा हेवाच वाटला. माझ्या हातून शाळेच्या फळ्यावरची धरणे तेवढी झाली.

ऊन चढले. पाण्यावर रूपे चमकायला लागली. बरेच पक्षी आता परतीच्या तयारीत असतात. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेली ती राखी बदके, पट्टकादंब, हिमालय ओलांडून तिबेट, मंगोलियाकडे जातात आणि तिकडे पिले वाढवून पुन्हा हिवाळ्यात इथे येतात. इथे त्यांचा सातबारा नाही, तिथेही नसेल. पन्नासएक पक्षी काठाच्या गवतात चरत होते. आम्ही आलो तशी त्यांनी माना वर केल्या, जरा वेळ आमच्याकडे बघितले आणि पुन्हा चरू लागले. आबा त्यांच्याकडे बघत एका दगडावर बसले. आम्ही फडक्यातली भाकरी सोडली. ठेचा, कांदा आणि काल्याचा उरलेला प्रसाद. तिथून परतताना आबांनी वाटेत वाकून काही तरी उचलले आणि उपरण्याच्या टोकाला बांधले. मी विचारले नाही. एस. टी. त ते झोपले तेव्हा गाठ सुटून मांडीवर सांडली, म्हणून दिसले. गाळाची माती होती, मूठभर.

ती त्यांनी नंतर कुठे टाकली, कुणास ठाऊक. तुळशीत नाही, मी पाहिले.

चैत्रात कालव्याला पाळी सुटली. आमच्या रानाला पाणी येते ते जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे. हा कालवा पैठणहून निघतो आणि अंबड, घनसावंगी, परतूर करत पुढे परभणी जिल्ह्यात जातो. लांबी दोनशे किलोमीटरांच्या वर. ज्या पाण्याने आबांचे वावर नेले तेच पाणी ऐंशीच्या सुमारापासून आमच्या मोसंबीला मिळते, जेव्हा मिळते तेव्हा. ही गोष्ट मला आधीही माहीत होती. पण माहीत असणे निराळे. त्या रात्री चारीवर आमचा नंबर दोन वाजता लागला. आबांना मी झोपा म्हणालो. ते ऐकणारे नव्हेत. विजेरी माझ्या हातात, फावडे त्यांच्या. ते एकेक दारे मोडत होते, आळ्यात पाणी वळवत होते, आणि पाणी अंधारात चुळचुळत एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे जात होते.

मी बऱ्याच दिवसांपासून मनात ठेवलेले तेव्हा विचारून टाकले. "आबा, धरणावरच्या मातीची गोष्ट लिहू का?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. वाहत्या पाण्यात उभे राहून त्यांनी एक दारे बुजवले, वरून पायाने माती दाबली.

"लिही," ते म्हणाले. "पर ह्या टायमाला पाणी रात्रीतून आणू नको."